एका घासाची पार्टी

बालमित्रांनो, आधी एक कोडं घाला बरं घरातल्या सगळ्यांना. ताट नाही, वाटी नाही, चमचा नाही. उभ्या-उभ्या खायचं, गप्पा मारत खायचं, आणि एका घासात संपवायचं. असा खाऊ कोणता?

कुणी म्हणेल पेढा, कुणी म्हणेल भजं, कुणी म्हणेल बिस्किट. सगळ्यांचं उत्तर बरोबर! अशा खाऊला शहरातल्या मोठ्या हॉटेलांत 'फिंगर फूड' म्हणतात. म्हणजे काय, तर बोटांनी उचलून खायचा पदार्थ. नाव ऐकून वाटतं, काहीतरी भारी प्रकरण असणार. पण खरं सांगू? आपण तर जन्मापासून बोटांनीच खातोय! तरीसुद्धा असा खाऊ पार्टीसाठी निवडणं आणि नीट वाढणं हे सोपं काम नाही. ते मी कशी शिकले, तेच आज तुम्हाला सांगणार आहे. त्यात माझी एक चूकही आहे. लपवणार नाही हं.

मी राहते डोणगावला. बुलढाणा जिल्ह्यात मेहकर तालुका आहे ना, त्यातलं हे गाव. मेहकरहून मालेगावकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं. मी प्राथमिक शाळेत शिकवते. चौथीची मुलं पाचवीत जाणार, म्हणून दर एप्रिलमध्ये तिसरी आणि चौथी मिळून निरोपाचा छोटा कार्यक्रम करतात. भाषणं होतात, गाणी होतात, थोडी रडारड होते. आणि मग येतो सगळ्यांचा आवडता भाग. खाऊ!

माझी चूक

पहिल्या वर्षी मी मुलांना सांगितलं, "प्रत्येकानं घरून काहीतरी छान आणायचं. आपण सगळे वाटून खाऊ." मला वाटलं, किती सोपी युक्ती! खर्च नाही, तयारी नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी बाकांवर डबे मांडले गेले. कुणाच्या डब्यात गुलाबजाम, कुणाच्या डब्यात बेकरीची पॅटिस, कुणाच्या डब्यात चकाकणाऱ्या कागदातली चॉकलेटं. एका मुलाच्या वडिलांनी तर एसटीतून मांडीवर धरून मोठा क्रीमचा केक आणला होता. मुलांनी त्या केकभोवती घोळका केला. पण एप्रिलचं ऊन! भाषणं संपेपर्यंत केकवरची फुलं वितळून खाली आली होती आणि ज्याच्या-त्याच्या हाताला, शर्टाला, वहीला क्रीम लागलेलं होतं. गुलाबजामचा पाक बाकावर, बाकावरून खाली, आणि खाली मुंग्या.

तेवढंच असतं तर हसून सोडून दिलं असतं. पण कोपऱ्यात तिसरीतली एक मुलगी बसली होती. तिचा डबा तिच्या मांडीवरच होता. मी जवळ जाऊन म्हटलं, "अगं, तुझा डबा मांडला नाहीस?" ती म्हणाली, "मॅडम, मले भूकच नवती."

मी विचारलं होतं डब्याबद्दल, तिनं उत्तर दिलं भुकेबद्दल. नंतर तिच्या मैत्रिणीनं सांगितलं. डब्यात भाकरी होती आणि शेंगदाण्याची चटणी. तिची आई पहाटे कामाला जाते. त्या दिवशी तिनं आणखी लवकर उठून लेकीसाठी मऊसूत भाकरी करून दिली होती. शेजारच्या कुणीतरी डब्यात डोकावून म्हटलं होतं, "पार्टीले भाकर कोन आनते?" झालं. डबा बंद झाला तो बंदच झाला, आणि भरलेलाच घरी गेला.

मुलांनो, ज्यानं हे म्हटलं तो मुलगा काही वाईट नव्हता. चूक माझी होती. सगळ्यांचे डबे एका रांगेत उघडायला लावले की कुणाच्या घरी काय आहे याचंच प्रदर्शन होतं, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. त्या रात्री मी ठरवलं, पुढच्या वर्षी असं होऊ द्यायचं नाही.

सोफ्यावर बसलेला खाऊ

पुढच्या वर्षी मार्चमध्येच मी तिसरी-चौथीला एकत्र बसवलं आणि फळ्यावर लिहिलं : 'एका घासाचा खाऊ'. मग त्यांना थोड्या गोष्टी सांगितल्या. त्या तुम्हीही ऐका.

सँडविच तुम्हाला माहीत आहे. हे नाव आलं इंग्लंडमधल्या एका उमरावावरून. त्याचं नाव जॉन माँटेग्यू, आणि त्याची पदवी होती 'अर्ल ऑफ सँडविच'. असं सांगतात की त्याला काम किंवा पत्त्यांचा डाव सोडून जेवायला उठायचा कंटाळा यायचा. म्हणून तो पावाच्या दोन कापांमध्ये मांस ठेवून मागवायचा. हातही माखत नाहीत आणि डावही मोडत नाही! एडवर्ड गिबन नावाच्या इतिहासकारानं १७६२ साली आपल्या रोजनिशीत 'सँडविच' हा शब्द लिहून ठेवला आहे.

फ्रान्समध्ये पावाच्या छोट्या तुकड्यावर चीज, भाजी असं काहीबाही रचून पाहुण्यांना देतात. त्याला म्हणतात 'कॅनपे'. या शब्दाचा फ्रेंच भाषेत अर्थ काय, माहीत आहे? सोफा! पावाचा सोफा आणि त्यावर ऐटीत बसलेली भाजी. आहे की नाही गंमत? स्पेनमध्ये अशाच छोट्या खाऊला 'तापास' म्हणतात, आणि 'तापा' म्हणजे झाकण.

आणि आपल्याकडे? आपल्या बुलढाणा जिल्ह्यातच याचं झकास उदाहरण आहे. शेगावची कचोरी! फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मा यांनी १९५० च्या सुमारास शेगावच्या रेल्वे स्टेशनवर ती विकायला सुरुवात केली. आता विचार करा, रेल्वेतल्या प्रवाशाला कसा खाऊ लागतो? एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात खाऊ. रस्सा नको, चमचा नको, सांडायला नको, गाडी सुटली तरी खाता यायला हवा. शेगावची कचोरी तशीच आहे. आकारानं बेताची, चपटी, आतलं सारण कोरडं आणि चटकदार, सोबत तळलेली मिरची. म्हणूनच ती स्टेशनवरून गावोगाव पोचली.

हिवाळ्यातला हुरडा आठवा. शेतात गोवऱ्यांच्या आरात ज्वारीची कोवळी कणसं भाजायची, हातावर चोळायची, फुंकर मारायची आणि गरम दाणे तोंडात टाकायचे. सोबतीला चटणी, गूळ, दही. हीसुद्धा बोटांनी खायची पार्टीच की!

मी हे सांगत होते तेवढ्यात मागच्या रांगेतून एक जण ओरडला, "मॅडम, मंग आपली भाकर बी सोफाच हाय की! तिच्यावर चटनी बसते!"

सगळा वर्ग हसला. मीही हसले. आणि त्या हसण्यात एक बारीक आवाज आला, "मॅडम, पार्टीले भाकर चालन का?"

ती तीच मुलगी होती. आता चौथीत आलेली.

मी म्हटलं, "चालेल की नाही, ते आपण ठरवू. पण सगळ्या पदार्थांना एकच परीक्षा. भाकरीलाही तीच आणि केकलाही तीच."

खाऊची परीक्षा

मग आम्ही सगळ्यांनी मिळून पाच प्रश्न काढले. पार्टीचा खाऊ निवडताना तुम्हीही हे प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न : एका घासात, फार तर दोन घासांत संपतो का? मोठा वडा चावला की आतलं सारण खाली पडतं. छोटा केला की पास!

दुसरा प्रश्न : हात माखतात का? पाक, क्रीम, पातळ चटणी ही मंडळी इथं नापास. दुसऱ्याशी हात मिळवता आला पाहिजे, असं आमच्या एका मुलानं सुचवलं. किती सोपी कसोटी!

तिसरा प्रश्न : ऊन सोसतो का? आमच्या विदर्भात एप्रिलमध्ये पारा चाळीसच्या पुढं जातो. दूध, दही, क्रीम, ओलं खोबरं, उकडलेला बटाटा हे पदार्थ अशा उन्हात लवकर खराब होतात. तळलेलं, भाजलेलं, कोरडं टिकतं.

चौथा प्रश्न : सगळ्यांना खाता येतो का? कुणाचा उपवास असेल, कुणाचा रोजा असेल, कुणी लसूण-कांदा खात नसेल, कुणाला शेंगदाण्यानं त्रास होत असेल. हे आदल्या दिवशी विचारायचं, आणि विचारायचं तेही एकेकाला बाजूला घेऊन. सगळ्यांसमोर नाही.

पाचवा प्रश्न : खिशाला परवडतो का? पार्टी संपली आणि घरी पैशावरून बोलणी बसली, तर ती कसली पार्टी?

केक दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नात नापास झाला. बटाटेवडा तिसऱ्यात अडकला. मुरमुऱ्याच्या चिवड्याची बाजू मुलांनी फार जोरात मांडली. पण चिवडा मुठीनं खायचा, आणि निम्मा खाली सांडायचा. तो पहिल्याच प्रश्नात गेला. वेफर्सची पाकिटं पाचव्यात पडली. भाकरी मात्र पाचही प्रश्नांत पास! फक्त तिच्यावरची चटणी कोरडी हवी आणि ती अगदी शेवटी लावायला हवी, म्हणजे तुकडा मऊ पडत नाही.

शेवटी यादी अशी ठरली : दोन तिखट-मिठाचे पदार्थ, एक गोड, एक रसाळ. चार प्रकार पुरे झाले. दहा प्रकार केले की एकही धड होत नाही आणि खाणाराही गोंधळतो.

ज्वारीच्या भाकरीचे घास. पातळ भाकरी करायची, तव्यावर चांगली कडक होऊ द्यायची आणि थोडी निवली की दीड-दोन इंचांचे तुकडे करायचे. त्यावर शेंगदाणा-लसणाची कोरडी चटणी चिमूटभर आणि वर कैरीची नखाएवढी फोड. एप्रिलमध्ये कैरी असतेच. लसूण न खाणाऱ्यांसाठी जवसाची चटणी वेगळी. आणि ऐका, ज्वारीला कमी लेखू नका हं. भारताच्या सूचनेवरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचं वर्ष म्हणून जगभर साजरं केलं. त्या धान्यांत आपली ज्वारी होतीच.

तिखट-मिठाच्या छोट्या पुऱ्या. कणकेत तिखट, मीठ, ओवा, हळद आणि थोडं मोहन घालून घट्ट मळायचं. मोठी पोळी लाटून औषधाच्या बाटलीच्या स्वच्छ धुतलेल्या झाकणानं गोल कापायचे आणि काट्यानं टोचून तळायचे. टोचलं की फुगत नाहीत, खुसखुशीत होतात आणि दोन-तीन दिवस टिकतात.

गुलगुले. गुळाच्या पाण्यात कणीक भिजवायची, वेलची किंवा बडीशेप घालायची आणि लहान-लहान गोळे तेलात सोडायचे. वऱ्हाडातल्या घराघरांत हा गोड पदार्थ होतो. पाक नाही, म्हणून हात माखत नाहीत.

टरबुजाच्या फोडी. पुण्या-मुंबईच्या मित्रांनो, टरबूज म्हणजे तुमचं कलिंगड. फळ बाहेरून आधी धुवायचं, मगच कापायचं. नाहीतर सालावरची घाण सुरीबरोबर आत जाते. बिया काढून चौकोनी फोडी करायच्या, आणि कापायचं अगदी वाढायच्या वेळी.

तळणाचं आणि तव्याचं काम मोठ्या माणसांनीच करायचं बरं का. आमच्याकडे दोन मुलांच्या आया आणि शाळेत खिचडी शिजवणाऱ्या ताई मदतीला आल्या. मुलांनी चाळलं, मळलं, कापलं, मोजलं आणि मांडलं.

एक गणित सोडवा

आमच्याकडे खाणारी माणसं होती ७०. एकेकाला भाकरीचे २ घास, ३ पुऱ्या, २ गुलगुले आणि टरबुजाच्या ३ फोडी. म्हणजे माणशी १० घास. नाश्त्याला एवढं भरपूर होतं. शिवाय शंभराला दहा या हिशेबानं थोडं जास्त करायचं, कारण एखादा तुकडा पडतो, एखादा पाहुणा न सांगता येतो.

आता सांगा, भाकरीचे घास किती लागले? ७० गुणिले २ म्हणजे १४०, आणि वर १४. एकूण १५४. एका भाकरीचे आमच्याकडे १४ तुकडे पडले. मग भाकरी किती करायच्या? बरोबर, ११! पुऱ्या किती, गुलगुले किती, हे तुम्ही काढा. मोजून केलं की वाया जात नाही, आणि शेवटच्या मुलापर्यंत पोचतं.

एक मूठ

पण सामान आणायचं कसं? पुन्हा प्रत्येकाकडून डबा मागवायचा नव्हता. तेव्हा मला शाळेतलं रोजचं जेवण आठवलं. आपल्या देशात शाळेतल्या मुलांच्या दुपारच्या आहाराची योजना १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाली. मुलांना शाळेत शिजवलेलं गरम अन्न द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानं २८ नोव्हेंबर २००१ ला दिला. त्या पंगतीत सगळे एकाच पातेल्यातलं खातात. तिथं कधी कुणी विचारतं का, हे तांदूळ कुणाचे म्हणून? नाही. मग पार्टीतही तसंच करता येईल की!

आम्ही वर्गाच्या मागं पडद्याआड चार डबे ठेवले. ज्याच्या घरी जे असेल ते एक मूठ आणायचं. ज्वारीचं पीठ, कणीक, गूळ, शेंगदाणे, लसूण, कैरी, काहीही. एकेकानं पडद्यामागं जायचं, टाकायचं आणि यायचं. कुणी काय टाकलं, कुणी टाकलं की नाही, हे कुणी बघायचं नाही. मीसुद्धा नाही. तेल आणि टरबुजं आम्ही शिक्षकांनी आणली.

चार दिवसांत डबे भरले. पीठ तीन रंगांचं होतं. थोडं जाडं, थोडं बारीक. आम्ही ते सगळं एकत्र करून चाळलं. कुणाचं पीठ कोणतं, हे चाळणीलासुद्धा कळलं नाही!

आणि एक मुलगा काहीच न आणता माझ्याकडे आला. म्हणाला, "मॅडम, आमच्या घरी काईच नाई. पन माहा आबा द्रोन करते." त्याच्या आजोबांनी पळसाच्या पानांचे ऐंशी द्रोण करून दिले. आमची पार्टी त्या द्रोणांमुळेच इतकी देखणी दिसली. घरात वस्तू नसली तरी हातात कला असते, हे मला त्या दिवशी नव्यानं समजलं.

द्रोण वापरताना तो स्वच्छ ओल्या फडक्यानं पुसून कोरडा करायचा, आणि टाचलेली काडी सैल तर नाही ना, हे बघायचं. थर्माकोलच्या ताटल्या मात्र आणायच्याच नाहीत. महाराष्ट्रात २०१८ पासून त्यांच्यावर बंदी आहे.

वाढायचं कसं?

खाऊ कितीही चांगला असो, फेकल्यासारखा वाढला तर त्याची चव जाते. आम्ही आदल्या दिवशी चक्क खडे घेऊन सराव केला! ताटात खडे मांडायचे आणि वर्गभर फिरायचं. खडा पडला की बाद. त्यातून आमचे नियम तयार झाले.

वाढणाऱ्यानं आधी साबणानं हात धुवायचे, नखं बघायची आणि केस बांधायचे. पदार्थाला हात लावायचा नाही. चिमट्यानं किंवा चमच्यानं उचलायचं.

ताट गच्च भरायचं नाही. थोडं मांडायचं, रांगेत मांडायचं, मध्ये जागा सोडायची. एक घास उचलताना दुसऱ्याला बोट लागता कामा नये. ताट रिकामं होत आलं की भरून आणायचं.

सुरुवात करायची लांब बसलेल्यापासून. जो कोपऱ्यात आहे, जो गप्प आहे, जो नवा आहे, त्याच्याकडे आधी जायचं. दाराजवळचे आणि मोठ्यानं ओरडणारे आपोआप घेतातच.

ताट समोरच्याच्या छातीच्या उंचीवर धरायचं, त्याच्याकडे बघायचं आणि पदार्थाचं नाव सांगायचं. "हा ज्वारीचा घास, यात शेंगदाणे आहेत." नाव सांगितलं की खाणाऱ्याला निवडता येतं.

एकदा आग्रह करायचा, फार तर दोनदा. तिसऱ्यांदा नाही. आणि कुणी दुसऱ्यांदा मागितलं तर "किती खातो रे!" असं चुकूनही म्हणायचं नाही. डावखुरा मित्र डाव्या हातानं खात असेल तर खाऊ द्यायचं.

पाण्याचा माठ एका बाजूला आणि उष्ट्या द्रोणांची टोपली दुसऱ्या बाजूला ठेवायची. दोन्ही जवळ-जवळ ठेवले की तिथं गर्दी होते. हे आम्ही सरावातच शिकलो.

आईबाबांसाठी थोडंसं

पालकहो, वाढदिवस घरी असो की शाळेत, चार गोष्टी ध्यानात ठेवा. शिजवलेलं अन्न साधारण तापमानात दोन तासांपेक्षा जास्त वेळ ठेवू नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पाच ते साठ अंश सेल्सिअस या तापमानात जंतू झपाट्यानं वाढतात, आणि आपल्या उन्हाळ्यातली खोली नेमकी त्यातच येते. कोरडे तळलेले पदार्थ त्या मानानं टिकतात, पण ओलं सारण आणि दुधाचे पदार्थ टिकत नाहीत.

चार-पाच वर्षांच्या आतलं मूल असेल तर अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं, गोळ्या देऊ नका. घशात अडकून श्वास कोंडू शकतो. चटणीत दाण्याचा बारीक कूट वापरा, द्राक्षं उभी चिरून द्या. पळता-पळता खाऊ देऊ नका.

तळलेले पदार्थ वर्तमानपत्राच्या कागदावर निथळत ठेवू नका. छपाईच्या शाईतली रसायनं तेलाबरोबर अन्नात उतरतात. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणानं २०१६ सालीच तशी सूचना दिली आहे.

आणि शेवटचं. दुसऱ्याच्या वाढदिवसाला काय होतं, याची बरोबरी करू नका. मुलं पदार्थाची किंमत विसरतात, पण कुणी आपल्याला बोलावलं आणि कुणी आपल्याला हसलं, हे विसरत नाहीत.

आणि मग काय झालं?

कार्यक्रमाची सकाळ उजाडली. टरबूज कापलं, चटणी लावली, ताटं निघाली. तिसरीच्या मुलांनी चौथीला वाढलं, मग चौथीनं तिसरीला. आमची ती मुलगी भाकरीच्या घासांचं ताट घेऊन निघाली. नियमाप्रमाणे ती आधी कोपऱ्यात गेली. मग एकेकाला सांगू लागली, "हा ज्वारीचा घास, यात शेंगदाणे आहेत."

तुम्हाला वाटेल, भाकरीच सगळ्यात आधी संपली असणार! तसं काही झालं नाही बरं का. सगळ्यात आधी संपले गुलगुले, मग टरबूज. भाकरीचे सात-आठ घास शेवटी उरलेही होते, कारण चटणी जरा जास्त तिखट झाली होती. पण कुणी "भाकर कोन आनली?" असं विचारलं नाही. विचारणार तरी कसं? ती अकरा भाकरींची ज्वारी पन्नास घरांतली होती.

उरलेलं सगळं आम्ही सारखं वाटून पानांत बांधलं आणि ज्यांची धाकटी भावंडं घरी होती त्यांच्याबरोबर पाठवलं. ती मुलगी जाताना म्हणाली, "मॅडम, पुढच्या साली मिर्ची कमी टाका." म्हटलं, "टाकू हं." आता ती पाचवीत गेली. या एप्रिलमध्ये मी खरंच चटणीत मिरची कमी घालायला सांगितली.

त्या दिवशी एकही डबा भरलेला परत गेला नाही, कारण डबा कुणाचाच नव्हता.

तर मित्रांनो, सुट्टीत तुमच्या गल्लीतल्या दोस्तांना जमवा. पाच प्रश्नांची परीक्षा घ्या. एक-एक मूठ गोळा करा. तुमच्या गावात, तुमच्या घरात एका घासाचा कोणता खाऊ होतो? कोकणात असाल तर वेगळा असेल, खानदेशात असाल तर वेगळा, गोव्यात असाल तर आणखी वेगळा. आजीला विचारा, करून बघा. आणि वाढायला निघालात की आधी कोपऱ्यात बघा हं. तिथं कुणीतरी बसलेलं असतंच.